सुलभाबाईंचं बोट

एसटी उशिरा आली तरी सुलभाबाई कंडक्टरला म्हणायच्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल, मीच वेळ नीट बघितली नाही." तो बिचारा बघतच राहायचा. वर्गात पोर पडो, स्टाफरूममधलं दूध नासो, खापर आपल्या डोक्यावर फोडून घ्यायला बाई सदा तयार. तलासरीजवळच्या शाळेत आमचे वर्ग शेजारी होते आणि त्यांच्या या सवयीची मला भारी चीड यायची.

पहिलीच्या वर्गात मात्र त्या वेगळ्याच असायच्या. पाड्यावरची पोरं घरी वारली बोलणारी. पुस्तकातली मराठी ऐकली की तोंडाला कुलूप. बाई स्वतः सरावली गावच्या, घरी मराठी बोलणाऱ्या, पण पोरांच्या आयांपाशी ओट्यावर बसून बसून त्यांनी ती बोली उचलली. त्याच बोलीत पहिलीसाठी धडे लिहिले, कितीतरी सुट्ट्या घालवून. सगळं लॅपटॉपवर. कुठे दुसरीकडे काढून ठेवा म्हणून मी ओरडून थकले. ते धडे पुण्याच्या एका समितीकडे जायचे होते. पसंत पडले तर त्यांचं पुस्तक निघणार होतं आणि त्या कामासाठी बाईंना काही दिवस पुण्याला राहावं लागणार होतं.

धडे पाठवायचा शेवटचा दिवस रविवार. सकाळीच बाईंचा फोन: लॅपटॉप बोट घेत नाही. मी तडक सरावली गाठलं. बाईंनी बोट साबणाने धुतलं होतं, खोबरेल लावून पुसलं होतं. काल बोंबील साफ केले, त्यानेच बोट खराब झालं, असं त्यांचं म्हणणं. मी बोट टेकवायची जागा पुसली, लॅपटॉप बंद करून चालू केला. पिन विचारला तर तो फक्त मिस्टरांना ठाऊक. लॅपटॉप बाईंच्या पगारातला, पिन मिस्टरांचा! तुझं बोट आहे ना, तुला आकडे कशाला पाठ करायचे, असं म्हणाले होते म्हणे.

बाई बोट टेकवायच्या आणि दर वेळी पडद्यावर उमटायचं, बोट ओळखता आलं नाही. आता यंत्रच बिघडलं असतं तर ते एवढंही बोललं नसतं. म्हणजे त्याला बोट दिसत होतं, ते बाईंचं आहे हे ठाऊक नव्हतं.

मिस्टर इतका वेळ झोपाळ्यावर बसून गंमत बघत होते. ते उठले, मशीन ठणठणीत आहे म्हणाले आणि स्वतःचं बोट टेकवलं. लॅपटॉप झटक्यात उघडला.

"तुम्ही लॅपटॉपमधून बाईंचं बोट काढून टाकलंत," मी म्हणाले.

त्यांनी झाकण मिटलं, लॅपटॉप बगलेत घेतला. "ही पुण्याला जाऊन बसणार, मग इथे घर कोण बघणार?"

जळलं मेलं ते घर. मी बाईंकडे बघितलं. वाटलं, आता तरी ही बाई तोंड उघडेल. बाईंनी बोट पदराला पुसलं.

"मीच आधी यांना विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं."

सोमवारी त्यांचं बोट चालायला लागलं. लिंबू चोळल्याने गुण आला, असं त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. माझ्याकडे न बघता. मी चहाचा कप तसाच ठेवून वर्गावर निघून गेले.

पुढे समितीने दुसऱ्याच कुणाचं पुस्तक काढलं. बोली म्हणे आदिवासी मुलांचीच, पण कुठल्यातरी लांबच्या जिल्ह्यातली. त्या पुस्तकांचा गठ्ठा शाळेत आला तेव्हा बाईंनी एकेक प्रत हौसेने वाटली आणि पहिला धडा मोठ्याने वाचला. मी दारात उभी होते. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांनी पुन्हा वाचला, सावकाश, शब्दांवर बोट ठेवत. एकाही पोराला कळलं नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. "माझंच वाचणं चुकत असेल गं," त्या म्हणाल्या.