लाव्हिनियाची वीस पावलं

"जरा इकडे मोज ना." ट्रॅक्टरवाल्यांकडून हे ऐकलं की लाव्हिनियाचं डोकं फिरतं. बारा वर्षं ती बुकोविनाच्या जंगलात हेच काम करते. ओंडके ओढणारे ट्रॅक्टर जमिनीची किती वाट लावतात, ते मोजायचं. लाल पट्टा मारलेल्या झाडापासून वीस पावलं टाकायची, पाय थांबेल तिथं चाकांनी पडलेल्या चाकोरीवर आडवी फळी ठेवायची, खाली काठी सोडून खोली लिहायची. परत वीस पावलं. जागा निवडायची नाही. सरासरी तीस सेंटिमीटरच्या वर गेली की थंडीत जमीन गोठून टणक होईपर्यंत ओंडके ओढणं बंद.

ह्या वेळची चाकोरी नेमकी झऱ्याच्या डोक्यावर. अख्खी वाडी त्याच झऱ्याचं पाणी पिते, आणि आठवडाभर ते गढूळ येत होतं. ट्रॅक्टरवर तिचा सख्खा धाकटा भाऊ, ओनुफ्रे. सकाळीच त्यानं मेंढीच्या दुधाचं चीज तिच्या पिशवीत टाकलं, तेव्हाच तिला शंका आली.

"ताई, जमीन मस्त आहे. पटकन आटपेल."

"तू मस्त म्हणालास की माझं पोट दुखतं."

वीस पावलं. अडतीस सेंटिमीटर.

"पाच-सहा पावलं पुढं घे ना," ओनुफ्रे म्हणाला.

तिनं पुढं पाहिलं. पाच-सहा पावलांवर चाकोरी बुजवलेली. खाली फांद्या, वर माती, फावड्यानं थोपटलेली. पुढं परत उघडी चाकोरी. मग पंचवीस-सव्वीस पावलांवर परत बुजवलेला तुकडा.

"माझी वीस पावलं धरून बुजवलंस?"

"दोन दिवस लागले," तो पुटपुटला.

"पावलं कुणाची मोजलीस?"

ओनुफ्रेनं स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. ती त्याच्या काखेपर्यंत येते; त्याची वीस पावलं म्हणजे तिची पंचवीस-सव्वीस.

"लहानपणापासून माझ्यामागं फिरतोयस, गाढवा. माझं पाऊल केवढं ते माहीत नाही?"

दहा मापांत एकच त्याच्या बुजवणीवर पडलं. तिथंही काठी फांद्यांतून थेट तळाला गेली. सरासरी एकोणचाळीस. तिनं लिहिलं, सही केली.

"मालक मला काढून टाकेल, ताई."

"टाकू दे. त्याच्याशी मी भांडते. आपली आईपण हेच पाणी पिते, ते आठवलं नाही?"

चाकोरीतलं पाणी सरळ झऱ्याकडे चाललं होतं.

"फावडं आण. चर काढून हे पाणी बाजूला वळवू."

त्यानं दोन आणली. एक तिनं घेतलं, त्याला शिव्या देतच.