हळदीखालची फुली

आधीच सांगून टाकते: कोट माझ्याच हातून खराब झाला. मशीनचा दोष नव्हता, साबणाचा नव्हता, पाण्याचाही नव्हता. चूक माझी. पण त्या चुकीपायी मी कुणाचे पाय धरले, असं कुणी सांगत फिरत असेल तर ते साफ खोटं आहे.

आमचं घर वर्ध्याच्या कडेला, सिंदी मेघेत. नवरा वर्ध्याच्या एका कॉलेजात क्लार्क. दोन वर्षांपूर्वी भिशी लागली तेव्हा मी कपडे धुण्याचं मोठं मशीन घेतलं, समोरच्या खोलीत बसवलं, एक लांब टेबल टाकला, दोन इस्त्र्या आणल्या आणि गच्चीवर तारा बांधल्या. आजूबाजूला होस्टेलं आहेत, खोल्या भाड्यानं घेऊन राहणाऱ्या पोरी आहेत. त्यांचे कपडे येऊ लागले. आणि तिकडे नाचणगावला भडका उडाला.

नाचणगाव म्हणजे पुलगावला लागून असलेलं माझं सासर. तिथे माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, शेती पाहतात आणि घराण्याची अब्रूही तेच पाहतात. "आपण कास्तकार माणसं. आपल्या घरची सून लोकायचे मळके कपडे धुते? तोंड दाखवाले जागा नाई राह्यली मले," असं ते म्हणाले. माझा जो संताप झाला तो अजून पुरता उतरलेला नाही. मळवणारा मोठा आणि मळ काढणारा हलका, हा कुठला न्याय? लग्नाला अठरा वर्षं झाली. एवढी वर्षं मी याच घराण्याचे शेणामातीचे, फवारणीच्या वासाचे कपडे धुतले, तेव्हा कुणाची अब्रू गेली नाही. दुसऱ्याचे धुतले की गेली!

शेवटी भासऱ्यांनी अट घातली. "करू दे तिले. पण एक जरी कपडा खराब झाला, तं मशीन इकून टाकायचं." समोर माझा नवरा बसला होता. त्यानं मान हलवली. मी दारात उभी होते, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मशीन माझं आणि शब्द त्याचा.

पहिल्याच महिन्यात एका पोरीनं लोकरीचा स्वेटर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आंटी, टॅग देखके धोना हां." मी मोठ्या रुबाबात मान डोलावली. ती गेल्यावर टॅग पाहिला तर घाम फुटला. एक टब, एक त्रिकोण, एक चौकोन, एक इस्त्री, एक गोल. कशावर फुली, कशात ठिपके. मी बी.ए. झालेली बाई, पण ते बघून मला अंगठाछाप असल्यासारखं वाटलं. एवढी वर्षं हे प्रत्येक कपड्याच्या आत शिवलेलं होतं आणि आम्ही काय करत होतो? मानेला टोचते म्हणून ब्लेडनं कापून फेकत होतो.

मग मी हट्टाला पेटले. मोबाइलवर बघून सगळी चित्रं भिंतीवर मार्करनं काढली. टबात पाणी म्हणजे धुता येतं. टबात हात असला तर हातानं, हळू. टबाखाली एक रेघ म्हणजे मशीन जरा नरम फिरवायचं. त्रिकोण ब्लीचचा. चौकोन वाळवण्याचा. त्याच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा असल्या तर सावलीत घालायचं, मधोमध आडवी रेघ असली तर सपाट पसरायचं. चौकोनात गोल म्हणजे वाळवायच्या मशीनमध्ये टाका. ते मशीन ज्यानं शोधलं त्यानं वर्ध्याचा मे महिना पाहिलेला नाही. इस्त्रीत एक ठिपका म्हणजे कोमट, तीन म्हणजे चांगली तापू द्या. नुसता गोल म्हणजे ड्रायक्लीन. आणि फुली म्हणजे नाही. जगात कुठेही जा, फुली म्हणजे नाही.

महिनाभरात मी टॅग वाचायला शिकले. गिऱ्हाईक वाढलं. एकही कपडा बिघडला नाही, आणि मला चढली. हो, चढलीच. का चढू नये? पण चढली की डोळ्यांवर येते, हेही खरं.

भासऱ्यांच्या मुलीचं लग्न झालं आणि मागच्या वर्षी तिची पहिली दिवाळी आली. जावईबापूंना दिवाळसणाला लोकरीचा बंदगळा कोट घेतला होता. आमच्याकडे नवा कपडा अंगाला लावण्याआधी त्याला हळदीकुंकवाचं बोट लावतात. कपड्यावर डाग दिसू नये म्हणून बाया ते आतल्या बाजूला लावतात, आणि आत लावायला सगळ्यात सोयीची जागा कोणती? टॅग! पांढरी चिंधी, कुणाला दिसत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाववाल्यांच्या कपड्यांत टॅगवर असं पिवळं-लाल बोट असतंच. मी एरवी टॅग उलटा करून उजेडात धरायची आणि मागून चित्र बघायची. पुसायची मात्र नाही. ते पुसत नसतात. लहानपणापासून हाताला तशी सवयच नाही.

जेवताना जावईबापूंच्या कोटावर पाटोडीचा रस्सा सांडला. आठवड्यानं त्यांच्या बहिणीचा साखरपुडा होता, तेव्हा त्यांना तोच कोट घालायचा होता. भासरे वर्ध्याच्या बाजारात आले होते, ते स्वतः कोट घेऊन माझ्या दारात आले. मशीन आणल्यापासून पहिल्यांदा. आत पाय ठेवला नाही. उंबऱ्याबाहेरूनच भिंतीवरची चित्रं पाहिली आणि हसले.

"हे काय, मंगळागौरीची रांगोळी काढली काय?" ते माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला म्हणाले. "तिले समजते काय हे?"

नवरा नुसता हसला. माझं डोकं फिरलं. मी कोट उचलला, कॉलर उलटवली, टॅग पुढे धरला आणि ताडकन म्हणाले, "समजते. सगळं समजते. हा पाहा टब. म्हणजे पाण्यात धुता येते."

टबाचा वरचा लहरीचा काठ दिसत होता. बाकी टबावर जाऊबाईंचं हळदीचं बोट होतं, भरघोस, पहिल्या दिवाळीचं. बोटाबाहेर एक तिरपं काळं टोक डोकावत होतं, ते मला सुटलेला धागा वाटलं. उजेडात धरून बघायला किती वेळ लागला असता? पण भासरे बघत होते ना! पुढच्या गोलाकडे तर मी पाहिलंच नाही.

नरम फिरवून, थंड पाण्यात, मी तो कोट धुतला. मशीनचं झाकण उघडलं आणि कोट बाहेर काढला. बाह्या आखडल्या होत्या. छातीवरचं आतलं कडक कापड सुटून जागोजागी फुगे आले होते. कॉलर वाकडी. आणि टॅगवरचं कुंकू वाहून गेलं होतं, हळद पुसट झाली होती, तिच्याखाली टबावर ठळक, काळी, देखणी फुली.

माय वं! मी तिथेच फरशीवर बसले. रडले. कोटासाठी रडले असं कुणी समजू नये. एक कपडा, भासरे म्हणाले होते. एकच. आता माझी खोली, माझ्या तारा, माझी भिंत, सगळं जाणार होतं.

पण मी बोलावणं यायची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात फिरून त्याच रंगाचा, त्याच मापाचा नवा कोट घेतला, जावईबापूंना फोन करून खरं ते सांगितलं आणि एसटीनं पुलगाव गाठलं. नाचणगावच्या घरात गेले, जुना आणि नवा, दोन्ही कोट खाटेवर ठेवले.

"खराब झाला," मी म्हटलं. "माह्या हातानं. टबावर फुली होती, मी नीट पाह्यली नाई. हा नवा आणला."

जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कोटामुळे नव्हे. मी सरळ भासऱ्यांशी बोलत होते म्हणून. आमच्याकडे सून भासऱ्याशी थेट बोलत नाही. अठरा वर्षं मी 'चहा झाला' हेसुद्धा जाऊबाईंच्या तोंडून सांगत आले होते.

भासऱ्यांनी कोटाला हात लावला नाही. "मंग ठरलं तसं. मशीन इका."

"नाई इकत."

"तुया नवऱ्यानं शब्द देल्ला हाय."

"त्यायनं देल्ला. मी कुठी देल्ला?"

ते उठून उभे राहिले. मला भीती वाटली नाही असं नाही. पण तोंड एकदा सुटलं की मग मला आवरत नाही.

"मांगच्या साली तुमी सोयाबीनचं तणनाशक कपाशीवर मारलं," मी म्हटलं. "डब्यावर लिहून होतं. वाचलं नाई तुमी. तीन एकर कपाशी जयली. चूक झाली ना? मंग कोणी म्हटलं काय तुमाले, वावर इका म्हणून? सगळे म्हणे, होते असं, माणूस चुकते, पुढच्या साली पाहू. तुमची चूक झाली तं पुढचं साल, अन् माही झाली तं दुकान बंद? काऊन?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून जाऊबाई म्हणाल्या, "बोट मी लावलतं."

"तू चूप राय," भासरे म्हणाले.

"चूपच हाय मी तीस वर्सापासून. बोट मी लावलतं, फुलीवर. मले काय मालूम ते काय असते? मले वाटलं, कंपनीची निशाणी असन."

"बाई, बोट तुमचं, पण पाहायचं काम माहं होतं," मी म्हटलं. त्यांच्यावर ढकलून सुटका करून घ्यायची नव्हती मला. भासरे चपला घालून वावराकडे निघून गेले. जाऊबाईंनी मला चहा दिला आणि नवा कोट कपाटात ठेवला. मी परतीच्या एसटीत बसले तेव्हा छाती फुगली होती. देवळी येईपर्यंत मी मनातल्या मनात तेच भांडण तीनदा पुन्हा जिंकले.

घरी आले तर समोरच्या खोलीत मशीन जागेवर नव्हतं.

ते दाराजवळ ओढून आणलं होतं. पाइप काढलेला, वायर गुंडाळलेली. वरून माझीच जुनी चादर घालून सुतळीनं आवळून बांधलेलं. नवरा खुर्चीवर बसून घाम पुसत होता.

"दादाचा फोन आलता," तो म्हणाला. "उद्या सकाळी टेम्पो येते."

"अन् मले इचारलं?"

"शब्द देल्लता ना मी."

भासऱ्यांचा राग मला समजतो. ते उघड विरोधात होते, तोंडावर बोलले, मीही तोंडावर बोलले. पण हा माणूस रोज माझ्या हातचा धुतलेला, माझ्या हातचा इस्त्री केलेला शर्ट घालून कॉलेजात जात होता. त्या दिवशीही तोच घातला होता, आणि त्याच्याच बाह्या वर करून त्यानं माझं मशीन बांधलं होतं. हे मला जेवढं लागलं तेवढं नाचणगावात काहीच लागलं नव्हतं.

मी विळ्यानं सुतळी कापली. मशीन ढकलत जागेवर नेलं. तो मदतीला आला, त्याला कोपरानं बाजूला सारलं. पाइप जोडला, वायर लावली आणि पोरींचे कपडे टाकले. सकाळी टेम्पोवाला आला. दारातूनच त्याला सांगितलं, "भाऊ, मशीन जाणार नाई. रिकामं जायचं नसन तं ह्यायले घेऊन जा." टेम्पोवाला हसला. नवरा नाही हसला.

त्या दिवसापासून मी सगळ्यांचे कपडे धुतले. होस्टेलच्या पोरींचे, शेजाऱ्यांचे, नालवाडीहून येणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांचे. एका माणसाचे सोडून. तो न्हाणीघरात स्वतःचे शर्ट स्वतः घासायचा, आणि सुरकुतलेले घालून कॉलेजात जायचा. तिथे लोक विचारायचे म्हणे, वहिनी गावाला गेल्या काय? काय सांगत होता देव जाणे. मी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी, एका सकाळी, गिऱ्हाइकांची रांग लागली होती. बघते तर रांगेत तोही उभा. घरातून नाही आला, बाहेरून आला, फाटक उघडून. नंबर लागल्यावर त्यानं चार शर्ट टेबलावर ठेवले आणि दोन पोरींसमोर, मोठ्यानं म्हणाला, "चुकलं माहं."

शर्ट मी ठेवून घेतले. माफी अजून विचारात आहे.