रोजचे आठ जण

सांडगी मिरची तळल्याचा ठसका लागला की मला रुआबांधा कॉलनीतल्या घरातली आमची वेबसाइट आठवते. आईच्या कुरडया-मिरच्या विकायला मी ती बनवली होती. पानाच्या तळाशी, माझा कॉम्प्युटर सोडून, भेट देणाऱ्यांचा आकडा दिसे. तो रोज बरोबर आठने वाढायचा, पण ऑर्डर एकही येईना. "रोज आठ जण येऊन राहिले, मंग घेत कावून नाही?" असं म्हणत आई ताटल्या घासून पुन्हापुन्हा मिरच्यांचे फोटो काढायला लावायची. मग एका सकाळी, स्टील प्लांटमधून नुकतेच रिटायर झालेले बाबा चष्मा लावून मोबाइलवर तेच पान उघडताना आणि वहीत आकडा लिहिताना दिसले. "रीडिंग घेऊन राहिलो," ते म्हणाले. "चालू मशीनले दर घंट्याले पाहा लागते." सहा ते दोन, जुन्या शिफ्टसारखं, आठ तासांत आठ वेळा. प्रत्येक वेळी पान उघडलं की आकडा एकने वाढतो, हे मी सांगितलं. त्यांनी वही मिटली. "म्हणजे आठही जण मीच? तुह्या आईले सांगू नको." दुसऱ्या दिवशीही आकडा आठनेच वाढला. आता मी लोकांच्या वेबसाइटी बनवते, आणि पहिल्या आठवड्याचा आकडा सांगण्याआधी घरात कोणी रिटायर झालंय का, ते विचारून घेते.