लाल दिव्याखाली गाणारी मुलगी

लाल दिव्याचा मला अजून संताप येतो. डब्लिनमधल्या पबच्या माडीवर, चाळीसेक माणसं जेमतेम मावतील अशा खोल्यांत मी वीकेंडला बँडचे फोटो काढायचो. एरवी नोकरी. तिथं लाल एलईडी लावला की नाक-डोळे विरघळून नुसता डाग उरतो. नंतर कॉम्प्युटरवर कितीही घासा. गोरा चेहरा निदान डाग म्हणून तरी दिसतो, सावळा गायबच होतो.

म्हणून मी कार्यक्रमाआधी माइक-वाद्यांची चाचणी होते, त्या साउंडचेकलाच दिवेवाल्याच्या मागे लागायचो. नाहीच ऐकलं तर स्टुलावर चढून एखादा पांढरा दिवा स्वतः वळवायचो. लोकांच्या पोरांसाठी!

मग माझ्या मुलीच्या बँडचा पहिला कार्यक्रम ठरला. दुपारी साउंडचेकला पाहिलं, तर पांढरा दिवा गिटारवाल्यावर आणि गाणारी आमची मुलगी लाल अंधारात.

बायको म्हणाली, "अरे, सांग ना त्याला! तिचं तोंडच दिसत नाहीये."

"करतील ते नंतर."

"एरवी तर माकडासारखा चढतोस म्हणे स्टुलावर."

"आपल्याच पोरीसाठी कसं सांगायचं? बरं दिसतं का?"

"कुणाला बरं दिसायला हवंय? इथं एक माणूस तरी ओळखतोस का?"

मी लेन्स पुसत बसलो. आमच्या घरी कुणी पोरांचं कौतुक केलं की वडील घाईघाईनं म्हणायचे, "छे, काही विशेष नाही." आपल्या माणसासाठी शब्द टाकायचा नाही, त्याला पुढं करायचं नाही. याला आम्ही संस्कार म्हणत आलो. कसले डोंबलाचे संस्कार! शुद्ध भित्रेपणा. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही.

रात्री मी काढलेल्या फोटोंत गिटारवाल्याच्या गालावरचे ठिपकेसुद्धा आले. मुलीच्या जागी माइक, आणि माइकमागे लालसर काळोख. त्यातलाच एक पुढच्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर गेला.

ती पोस्टरकडे बघत राहिली. "व्हेअर अ‍ॅम आय, बाबा?"

"लाइट वाईट होता गं."

"यू फिक्स इट फॉर एव्हरीवन एल्स." आवाज चढला नाही तिचा. मग म्हणाली, "इट्स ग्रँड." इथं सगळं ठीक असलं तरी ग्रँड आणि नसलं तरी ग्रँडच.

पुढच्या कार्यक्रमाला मी तडक दिवेवाल्याकडे गेलो. "ती माझी मुलगी आहे. तो पांढरा दिवा तिच्यावर वळव." भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. त्यानं हात वर केला, दिवा वळवला आणि म्हणाला, मागच्या वेळीच सांगायचंस की! बस, एवढंच काम होतं.

मी कॅमेरा काढला तर मुलीनं स्टेजवरूनच नको म्हणून मान हलवली. फोटोंसाठी तिनं मैत्रिणीला बोलावलं होतं.

मी मागं भिंतीशी उभा राहिलो. तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता, कपाळावरच्या आठीसकट.

"आता कशाला धुमसतोयस?" बायकोनं विचारलं. "दिसतेय ना?"

दिसत होती, माझ्या एका वाक्यात. म्हणूनच.