कुसाबाईची गोधडी

कुत्र्याची जागा उंबऱ्याबाहेर, असं कुसाबाई उभा जन्म मानत आली. देवळ्याच्या मळ्यात वाढलेली बाई ती! मनमाडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये संसार केला, तेव्हाही दारात भाकरीचा तुकडा टाकला की तिचं कुत्र्याशी नातं संपायचं. नवरा गेला आणि ती नाशकात, सिडकोत, मुलाकडे सोमनाथकडे राहायला आली. तर इथे काय? कुत्री दिवाणावर आणि ही खाली चटईवर! सुनेनं, ज्योत्स्नानं पाळलेली पॉमेरेनियन. रंग खारी बिस्किटाचा म्हणून नाव खारी. "माणसाला मिळत नाय अन् हिला दूधभात," असं कुसाबाई पुटपुटायची, आणि तो दूधभात कालवायचीही तीच.

मग एक दिवस घात झाला. फरशी पुसायची म्हणून कुसाबाईनं स्वतःच्या हातानं खारीला दिवाणावर ठेवलं. "बस इथं. पाय उमटवू नको." पाठ वळते न वळते तोच खारीनं ओल्या फरशीवर उडी टाकली. पुढचा पाय मोडला. काय केकाटली बिचारी! प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय, पण पुन्हा तिथेच मोडलं तर पाय वाचणार नाही." ज्योत्स्ना सासूला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ते न बोलणं कुसाबाईच्या काळजात रुतून बसलं.

तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. नवराबायको कामावर गेली की घरात ती आणि खारी. पोळी लाटताना कान दिवाणाकडे. जरा खुट्ट झालं की लाटणं टाकून धाव! चढायला-उतरायला दिवाणाला पाट लावला, पण खारीबाई लई शहाण्या: चढणार पाटावरून, उतरणार उडी मारूनच. शेवटी कुसाबाईनं आपली जाडजूड गोधडी चार घड्या घालून दिवाणाला लागून अंथरली, बिस्किटाचा तुकडा दाखवून दाखवून तिला तिथेच उडी मारायची सवय लावली, आणि स्वतः सतरंजीवर निजू लागली. संध्याकाळी ज्योत्स्नाची स्कूटी वाजली की खारी दिवाणावर चढून खिडकीतून बघायची. फाटकाची कडी खणकली की धप्पकन गोधडीवर.

त्या वर्षी घट दोन दिवसांवर आले होते. घट बसण्याआधी घरातलं अंथरूण-पांघरूण झाडून सगळं धुवायचं, न धुतलेली चिंधी घरात ठेवायची नाही, ही रीत. कुसाबाई पदर खोचून सकाळीच लागली. चादरी, अभ्रे, सतरंज्या, जे हाताला लागेल ते बादलीत. धुणं गच्चीवर वाळत घातलं, फरशी लख्ख केली आणि देवीपुढे हात जोडून मोकळी झाली.

ऊन कललं तशी ती धुणं काढायला वर गेली. चादरी कडकडीत वाळल्या होत्या. कठड्यावरची गोधडी मात्र अजून निथळत होती. "ही कुठली आज वाळतीय," असं म्हणत तिनं हात फिरवला आणि हात तिथेच थांबला.

गोधडी इथे. मग खाली काय?

कोपऱ्यावर स्कूटी वाजली.

"ज्योत्स्ना! फाटक उघडू नको गं!" ती कठड्यावरून ओरडली. स्कूटीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? चादरी तिथेच टाकून ती जिन्याकडे धावली. भिंतीला धरत भराभर पायऱ्या उतरली. आई सप्तशृंगे, एवढी डाव राख! पुन्हा माझ्याच हातानं नको!

ती घरात शिरली तेव्हा खारी दिवाणावर उभी होती. शेपटीचा नुसता नाच. समोर पुसलेली फरशी चकचकत होती. धरायला जावं तर हाताखालून निसटेल, ओरडावं तर बिचकून आत्ताच उडी टाकेल. आणि कडी खणकली.

कुसाबाईनं गोधडीच्या जागी अंग झोकून दिलं. धप्प! खारी तिच्या पोटावर येऊन पडली आणि तिचं तोंड चाटून दाराकडे पळाली, चारी पायांवर.

ज्योत्स्ना दारात थिजली. खारी पायात घोटाळत होती, पण तिनं खाली पाहिलंही नाही. पर्स टाकून ती सासूपाशी येऊन बसली.

"आई! पडलात? कुठे लागलं?"

"पडले नाय. निजले. गोधडी वर हाय ना."

ज्योत्स्नानं दिवाणाकडे पाहिलं, रिकाम्या फरशीकडे पाहिलं, आणि तिचा बांध फुटला. "अक्कल आहे का काही? या वयात अशी उडी टाकायची? कंबर मोडली असती म्हणजे? मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं होतं?" ती रडत होती, बोलत होती, सासूचे हातपाय चाचपत होती.

कुसाबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "बोल बाई, बोल," ती म्हणाली. "गोधडी वाळस्तोवर बोल. मी हाय इथंच."