वाढव म्हण

संध्याकाळी बातम्यांच्या आधी शेजारच्या काकू आमच्या पडवीत चपला काढायच्या आणि मला कळायचं, आता कॉम्प्युटर आवरायचा. मामानं मस्कतहून आणलेला तो कॉम्प्युटर आमच्या टीव्हीलाच जोडावा लागे. एक चालू असला की दुसरा नाही.

"बंद करतो हां, काकू."

"मेल्या, बंद काय म्हणतोस? दुकान वाढवतात, नारळ वाढवतात. वाढवतो म्हण."

अशुभ शब्द त्यांना मुळीच चालत नसे. लाइट गेले तरी "येतायत हो लाइट" म्हणत अंधारात बसायच्या. 'मेल्या' मात्र चाले. तो शब्द अशुभ असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नसावं.

एकदा त्या आल्या तेव्हा माझा प्रोग्राम नुकताच पुरा झाला होता. कॅसेटवर न उतरवता बटण दाबलं असतं तर सगळा पुसला गेला असता. मी उतरवायला घेतलं तसा टेपरेकॉर्डर कर्कश शिट्ट्या मारू लागला. तिकडे बातम्या सुरू झाल्या असणार, पण काकू कानांवर पदर दाबून बसून राहिल्या.

"घे उतरवून सावकाश. भरल्या पानावरून कोणाला उठवू नये."

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्रामच्या शेवटी इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ घातली आणि त्यांना वाचून दाखवली, "वाढवू का?"

काकू उठून पडद्याजवळ गेल्या. माझ्याकडे न बघता त्यालाच म्हणाल्या, "वाढव हो, मेल्या. आणि उद्या ये."