राजनंदिनीनं फोन कट केला तो मंगळवार

पडेगावातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी राजनंदिनीचा फ्लेक्स लागला, तेव्हा नारळ फोडायचा मान मला दिला होता. विद्यापीठाच्या खो-खो संघात निवड झालेली आमच्याकडची ती पहिलीच मुलगी. चाळीस वर्षं रंगमंचावर काढलेला माणूस मी, अशा वेळी हात आखडत नाही. मी दहा मिनिटं बोललो. पोरगी मान ताठ ठेवून ऐकत होती.

दीड महिन्यानं सरावात खांबावर सूर मारताना तिचा गुडघा गेला. लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, कुबड्या आल्या. तिच्या जागी संघात श्रेया गेली, तिचीच मैत्रीण. त्या दिवसापासून राजनंदिनीनं श्रेयाचा फोन घेतला नाही.

कॉलेजात ती राष्ट्रीय सेवा योजनेत होती. बाकीची मुलं झाडं लावायला, बंधारे घालायला जायची. हिला सरांनी बसून करायचं काम दिलं. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं आणि त्याची वेळ नक्की नसते. पाणी सोडायच्या आधी व्हॉल्व्ह उघडणारे रामकिसन तिला फोन करायचे. मग जिथं फक्त म्हातारी माणसं राहतात अशा नऊ घरांना ती कळवायची.

"हे काय काम आहे का, नाना?" ती मला म्हणायची. "फोन तर कुणीपण करतं."

त्या मंगळवारी दुपारी दोनला रामकिसनचा फोन आला, तेव्हा ती मोबाइलवर सामना बघत होती. मैदानात श्रेया होती. राजनंदिनीनं फोन कट केला. डाव संपला की लावू, असं तिनं ठरवलं. डाव संपला, दुसरा सुरू झाला, आणि ती विसरली. आठवण झाली तेव्हा साडेतीन वाजले होते आणि नळ कोरडे पडले होते.

आठ घरांना शेजारपाजाऱ्यांकडून कळलं होतं. गल्लीच्या टोकाच्या मनकर्णाबाईंना कळलं नाही. नळाला जोर नाही म्हणून आमच्याकडे दारात खड्डा खणून नळ खाली घेतलेले असतात, आत बसलेल्या माणसाला पाण्याचा आवाज येत नाही. त्यांचे यजमान कडुबा अर्धांगानं दोन वर्षं अंथरुणावर आहेत. त्यांचं सगळं अंथरुणातच, दिवसातून दोनदा धुणं-पुसणं. पुढच्या आठ दिवसांसाठी त्या घरात दीड हंडा पाणी होतं.

राजनंदिनी कुबड्या टेकत माझ्याकडे आली. तिचा चेहरा उतरला होता.

मी तिला म्हणालो, "मोबाइल बंद पडला होता म्हण. चार्जिंग गेलं. जरा थांबून बोल, आवाज खाली ठेव." चक्क तालीम घेतली मी तिची. तिनं दोनदा म्हणूनही दाखवलं.

आम्ही दोघं गेलो. मनकर्णाबाई दारात रिकाम्या हंड्याशी बसल्या होत्या. राजनंदिनी थांबली. मी शिकवलं तेवढंच थांबली, आणि म्हणाली, "आजी, रामकिसनकाकांचा फोन आला होता. मी कट केला. मॅच बघत होते."

मनकर्णाबाईंनी विचारलं, "तुझ्या मैतरणी खेळत व्हत्या व्हय?"

"हो."

"जितल्या का?"

"हरल्या."

"अगं बाई," त्या हळहळून म्हणाल्या. राजनंदिनीनं मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

त्यानंतर ती घरोघर गेली. प्रत्येकाकडे एक हंडा मागितला, आणि प्रत्येक दारात पुन्हा तेच सांगितलं, की माझ्यामुळं झालं. सर्जेराव फाटकातूनच म्हणाले, "फ्लेक्सवर फोटो तुझा, अन् पाणी आमचं? लई भारी." वर विचारलं, "नेणार कशी? कुबडीला टांगून?" पण दोन हंडे भरून दिले त्यांनी.

प्रश्न बरोबरच होता. तिला उचलता येत नव्हतं. कट्ट्यावर बसून तिनं श्रेयाला फोन लावला. मी जवळच होतो. "मी तुझ्याशी वाईट वागले," ती म्हणाली, "आणि तरी काम सांगतेय. येशील का?"

श्रेया सामन्याच्या बुटांवरच आली. "आधी पाणी," म्हणाली, "भांडण नंतर करू, लई आहे माझ्याकडं." आणि तिनं हंडा खांद्यावर घेतला.

माझं दार शेवटचं. मी दोन हंडे काढून ठेवले होते. राजनंदिनी उंबऱ्यापाशी टेकली आणि तिनं सहज विचारलं, "नाना, तुमची टाकी भरली ना दुपारी?"

"भरली."

"म्हणजे तुम्ही घरीच होता."

होतो. सव्वादोनला मी स्वतः नळाला पाइप लावला होता. मनकर्णाबाईंचं दार माझ्या दारापासून साठ पावलांवर. एक हाक मारली असती तर पुरलं असतं, आणि माझ्या आवाजाबद्दल गल्लीत कुणाला शंका नाही. मनात आलंही होतं. वाटलं, ते काम पोरीचं आहे. टाकी भरेपर्यंत मी पाइप धरून उभा राहिलो.

राजनंदिनीनं श्रेयाला हंडे दाखवले. तिनं आरोप केला असता तर मला उत्तर सुचलं असतं.

एक हंडा मी स्वतः घेऊन गेलो. "नाना, तुमी कशापायी?" मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तो लगबगीनं हातातून घेतला. तेव्हा सांगायला हवं होतं. आत कडुबांचे पाय पुसायला त्यांना मदत हवी होती. राजनंदिनी कुबड्या भिंतीला लावून खाली बसली आणि तिनं त्यांची टाच तळहातावर धरली, तिच्या फिजिओथेरपीवाल्या बाई तिची धरतात तशी. मी बाहेरूनच परतलो.

या गोष्टीला आता दहा महिने झाले. राजनंदिनी पुन्हा पळते, अजून सूर मारत नाही. फोन तीच करते. दर रविवारी कडुबांचे पाय हलवून द्यायला जाते. मनकर्णाबाई अजून मला वाटेत थांबवून सांगतात, नाना, तुम्ही त्या दिवशी हंडा आणलात. मी हात जोडतो आणि पुढं जातो. इथं सगळं लिहिलं खरं, पण त्यांना वाचता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.